पुढच्या वर्षी बांबूच्या त्याच बेटाकडे यायचं आहे का?

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. जंगलाला लागून असलेल्या चार गावांचा एक गट आहे. भोवती नैसर्गिक बांबू आहे, ओढ्याकाठी थोडा वेत आहे आणि काही पडीक जमीन आहे. त्यावर वर्षभराचा रोजगार उभा राहील का? ही साधनं खरंच न संपणारी आहेत का? आणि सुरुवात लागवडीपासून करावी की यंत्रांपासून?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण पैसे तिथेच बुडतात. सुरुवात दोन्हींपैकी कशापासूनच करू नका. आधी जे उभं आहे ते मोजा. या कामात पंचवीसेक वर्षं गेली. ताडपत्रीखाली गंजत पडलेली पट्टी काढायची यंत्रं मी इतकी पाहिली आहेत, की आता कुणी नवं यंत्र दाखवायला नेलं तर मी आधी मागच्या शेडमध्ये डोकावतो. यंत्राला ठरावीक जाडीचा, ठरावीक भिंतीचा बांबू लागतो. गावाच्या आसपास तसा बांबू किती आहे आणि त्यातला पक्व किती, हे कुणी मोजलेलंच नसतं.

अन्न आणि कृषी संघटनेच्या २०२० च्या जागतिक पाहणीत बांबूखालचं क्षेत्र सुमारे ३.५ कोटी हेक्टर धरलं आहे, त्यातलं बहुतेक आशियात. तेव्हा बांबू कमी आहे असं म्हणता येत नाही. पण हा आकडा उभ्या काठ्यांचा आहे, कामाच्या काठ्यांचा नाही.

बांबू आणि वेत आपण एका दमात म्हणतो, कारण दुकानात दोघांच्या खुर्च्या शेजारी मांडलेल्या असतात. रानात मात्र त्यांचा स्वभाव अगदी उलटा आहे. बांबू हे गवत आहे, आणि त्याच्या बेटाला, म्हणजे एका बुडातून आलेल्या काठ्यांच्या झुबक्याला, कापणी मानवते. वेत हा वर चढणारा ताड आहे. त्याला चढायला झाड लागतं आणि त्याच्या काही जाती एकदा कापल्या की मेल्या. दोघांना एकच नियम लावणारा प्रकल्प निम्मा तिथेच फसतो.

आधी बांबू. जमिनीतून कोंब वर येतो तो आपली पूर्ण जाडी घेऊनच येतो. झाडासारखा तो दरवर्षी जाड होत नाही. दोन ते चार महिन्यांत तो पूर्ण उंचीही गाठतो. त्यामुळे पावसाळ्यात आलेली काठी हिवाळ्यात पाहिली तर ती तयार वाटते. ती तयार नसते. पुढची तीन ते पाच वर्षं ती आतून घट्ट होत असते. त्याआधी तोडलेली काठी वाळताना आक्रसते, तिला सुरकुत्या पडतात, आणि तिच्यातल्या पाण्यावर आणि साखर-पिष्टावर किडे तुटून पडतात.

आता मजुरी कशी दिली जाते ते बघा. बहुतेक ठिकाणी काठीमागे. मजूर दिवसाला जास्तीत जास्त काठ्या कशा निघतील हेच पाहणार, आणि त्यात त्याची चूक नाही. बेट आतून बाहेर पसरतं, म्हणजे कडेला उभी असते ती सगळी नवी पिढी. हात पोचतो तिथेच कोयता चालतो. कोवळी काठी तुटते, आणि मधल्या जुन्या, वाळलेल्या, एकमेकींत अडकलेल्या काठ्या तशाच राहतात. चार-पाच हंगाम असं चाललं की बेट गुदमरतं. नवे कोंब बारीक येतात, वाकडे येतात, मग येईनासे होतात. गावात म्हणतात, ‘बांबू संपला.’ खरं तर बांबूचं वय न पाहता मजुरी ठरवली गेली. आणि जिथे कुणी कोयता लावतच नाही, तिथेही बेटाचं मध्य असंच कुजत जातं.

म्हणून माझा कुठल्याही गटाला पहिला प्रश्न एकच असतो: कोयता धरणाऱ्याला पुढच्या वर्षी याच बेटाकडे परत यायचं आहे का? आणि यायचं असेल, तर त्याला तसा हक्क आहे का? बेट ठेकेदाराच्या नावावर एका हंगामापुरतं असेल, तर कापणीचं प्रशिक्षण देऊन काही उपयोग नाही. मी दिलं आहे, फुकट गेलं. तीन दिवसांचं शिबिर झालं, जेवणं झाली, फोटो झाले. चौथ्या दिवशी त्याच माणसांनी कडेच्या कोवळ्या काठ्या तोडल्या, कारण त्या हंगामानंतर ते रान दुसऱ्याकडे जाणार होतं. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

हक्काचा प्रश्न कागदावरही असतो. भारतात १९२७ च्या वन कायद्यात बांबू झाडाच्या व्याख्येत होता, त्यामुळे स्वतःच्या शेतातला बांबू तोडून वाहून न्यायलाही परवाने लागत. २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू त्यातून वगळला. त्याआधी २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू आणि वेत दोन्ही गौण वनोपजात, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालात, धरले होते. कायदे देशोदेशी वेगळे आहेत. तुमच्याकडचा नियम काहीही असो, रोपवाटिकेत पैसे घालण्याआधी एक कागद हातात घ्या: तोडायचं कुणी, वाहायचं कुणी आणि विकलेल्याचे पैसे कुणाच्या खात्यात.

मोजणी म्हणजे काय करायचं ते सांगतो. पावसाळा संपला की प्रत्येक बेटातल्या त्या वर्षीच्या नव्या काठ्यांना रंगाचा पट्टा मारायचा. पुढच्या वर्षी रंग वेगळा. कोवळी काठी ओळखणं अवघड नसतं. तिच्या पेरांवर खोडाला चिकटलेली आवरणं असतात, अंगावर पांढुरकी भुकटी असते, फांद्या धड फुटलेल्या नसतात. तीन-चार वर्षांच्या काठीवर शेवाळाचे, बुरशीचे ठिपके दिसू लागतात आणि कोयत्याच्या पाठीने ठोकली तर आवाज खणखणीत येतो. जुन्या माणसांना हे रंगाशिवायही कळतं. रंग हिशेबासाठी आहे, आणि नवख्यांसाठी आहे. चौथ्या वर्षी पहिल्या रंगाच्या काठ्या तोडायच्या, त्यातल्याही काही आधाराला उभ्या ठेवायच्या. एक आणि दोन वर्षांच्या काठीला हात लावायचा नाही, कारण पुढच्या कोंबांना अन्न तीच पुरवते. बेटात शिरायला एका बाजूने घोड्याच्या नालेसारखी वाट पाडायची आणि आतून बाहेर कापत यायचं. जमिनीलगतच्या पहिल्या किंवा दुसऱ्या गाठीच्या लगेच वर छाटायचं, म्हणजे खुंटाची वाटी होऊन तिच्यात पाणी साचत नाही. आणि कोंब फुटण्याच्या दिवसांत बेटात पाय टाकायचा नाही, जनावरांनाही शिरू द्यायचं नाही.

चीनमधला मोसो बांबू बेट करत नाही, त्याची मुळं जमिनीखाली धावतात. तिथे वाट पाडायचा प्रश्न नाही, वयानुसार विरळणी करायची. वय मात्र तिथेही बघावंच लागतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर भांडणं होणार नाहीत. बिघडलेल्या बेटात पहिल्या वर्षी उत्पन्न घटतं. मधलं जुनं, वाकडं काढण्यात मजुरी जाते आणि त्या मालाला सरपणापलीकडे फारसा भाव नसतो. एका गटात याच कारणाने पहिल्या हंगामानंतर निम्मी घरं बाहेर पडली. उरलेल्यांना पुढे सरळ, जाड काठ्या मिळू लागल्या तेव्हा बाहेर पडलेले परत यायला निघाले आणि वाद पेटला. त्या पहिल्या वर्षासाठी मजुरीची सोय आधी करून ठेवा आणि सभासदत्वाचा नियम तेव्हाच लिहून घ्या.

आता लागवड. पडीक जमीन आहे म्हटल्यावर रोपं विकणारे येतीलच. पाच बाय पाच मीटरवर लावलं तर हेक्टरी ४०० रोपं बसतात. नीट पाणी-खत मिळालं तरी धंद्याची कापणी चौथ्या-पाचव्या वर्षी सुरू होते, आणि बेट भरात यायला आणखी वेळ लागतो. तोवर मधल्या ओळींत दुसरी पिकं घ्यावी लागतात. एका दिवसात ९१ सेंटीमीटर वाढणारा बांबू म्हणून जाहिरात होते. तो काही जातींच्या ऐन बहरातला विक्रम आहे. तुमच्या पडीक जमिनीवरच्या रोपाने तो वाचलेला नसतो.

रोप घेताना दोन गोष्टी विचारा. पहिली, या जातीच्या काठीला गिऱ्हाईक कोण? दुसरी, हे रोप बियाचं की कंदाचं, आणि मातृबेटाचं वय काय? दुसरा प्रश्न विक्रेत्यांना आवडत नाही. बांबूच्या अनेक जाती कित्येक वर्षांनी एकदाच, सगळ्या मिळून फुलतात आणि मग मरतात. कंदापासून किंवा छाटापासून केलेलं रोप मातृबेटाचं घड्याळ बरोबर घेऊन येतं. चाळीस वर्षांच्या बेटाचं पिल्लू दिसायला एक वर्षाचं असलं तरी फुलोऱ्याच्या हिशेबाने ते चाळिशीचंच असतं. मिझोराममधला मेलोकॅना जातीचा बांबू साधारण ४८ वर्षांनी फुलतो. १९५८-५९ मध्ये तो फुलला, पडलेल्या फळांवर उंदीर बेसुमार वाढले, फळं संपल्यावर ते शेतात आणि कणग्यांत शिरले आणि दुष्काळ पडला. त्या दुष्काळात मदतीसाठी उभ्या राहिलेल्या संघटनेतूनच पुढे मिझो नॅशनल फ्रंट हा राजकीय पक्ष निघाला. पुढचा फुलोरा २००६ ते २००८ च्या सुमारास आला, तेव्हा निदान तो येणार हे ठाऊक होतं. तेव्हा सगळी जमीन एकाच जातीने, एकाच मातृबेटाच्या रोपांनी भरू नका. दोन-तीन जाती लावा.

आता ज्या टप्प्यावर गावाचा सगळ्यात जास्त पैसा जातो तो: तोडल्यापासून पहिल्या विक्रीपर्यंतचे दिवस. ओली काठी तोडून रस्त्याकडेला रचली की तिच्या पोटात भुंगेऱ्यांची पिल्लावळ सुरू होते. काही आठवड्यांत खाली पिवळट पीठ सांडू लागतं. व्यापाऱ्याला हे माहीत असतं, म्हणून तो थांबतो. तुम्हाला घाई असते, त्याला नसते. प्रक्रिया न केलेला बांबू मातीत रोवला तर साधारण एक ते तीन वर्षं टिकतो, छपराखाली त्याहून थोडा जास्त. प्रक्रिया केलेला, छपराखालचा बांबू अनेक वर्षं जातो. काठी तीच असते, फक्त मधे एक टाकी येते.

टाकीत काय घालायचं? बोरॅक्स आणि बोरिक आम्ल, वजनाने साधारण तीनास दोन, आणि दोन्ही मिळून पाण्यात सुमारे ५ टक्के. कामट्या काढलेल्या असतील तर काही दिवस बुडवल्या की पुरतं. अख्खी काठी असेल तर आतले पडदे लांब सळईने फोडून घ्यायचे, नाहीतर द्रावण आत जातच नाही, आणि एक-दोन आठवडे ठेवायची. मग सावलीत, उभी, हवा खेळेल अशी वाळवायची. उन्हात टाकली की ती तडकते. टाकीतले हे क्षार पावसाने धुऊन जातात, तेव्हा या प्रक्रियेचा माल उघड्यावर, मातीत चालणार नाही, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा. न सांगितलेल्या एका कुंपणामुळे एका गटाची तीन वर्षांची पत गेलेली मी पाहिली आहे. वाहत्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवायची जुनी रीत वाईट नाही. पिष्ट निघून जातं, भुंगेरे कमी लागतात. वाळवीला मात्र ती पुरत नाही.

चंद्राच्या कलेवर बांबू तोडायचा की नाही, हा प्रश्न मला दर शिबिरात विचारला जातो, जावापासून कोलंबियापर्यंत लोक तो मानतात. माझं मत: मानत असाल तर खुशाल माना, पण त्या रात्री कोवळी काठी तोडू नका. वय आणि वाळवण यांपुढे बाकी सगळं किरकोळ आहे.

कोलंबियाचं नाव निघालंच तर घरांबद्दल दोन वाक्यं. २५ जानेवारी १९९९ ला तिथल्या आर्मेनिया शहराच्या परिसरात मोठा भूकंप झाला. त्यात ग्वादुआ बांबूच्या चौकटीची नीट राखलेली घरं टिकून राहिली, त्यामुळे तिथल्या बांधकाम नियमांत बांबूला रीतसर जागा मिळाली. तिकडे म्हण आहे की बांबूच्या घराला चांगले बूट आणि मोठी टोपी हवी, म्हणजे खाली दगडी जोतं आणि वर रुंद छप्पर. घरबांधणीचा माल विकायचा असेल तर आधी हे दोन्ही करणारा गवंडी शोधा.

वाहतुकीचं गणित अनेकांच्या लक्षात येत नाही. पोकळ काठ्यांनी भरलेला ट्रक बराचसा हवा वाहतो. म्हणून काठी गावातच कापावी, फाडावी, वर्गवारी करावी. बुडखा जाड भिंतीचा, तो बांधकामाला आणि फर्निचरला. मधला भाग सरळ पेरांचा, तो कामट्या, चटया, काड्यांना. शेंडा वेलवर्गीय पिकांच्या आधाराला. उरलेल्याचा कोळसा. चीनच्या अंजी परगण्यात हेच झालं: काठीचा भुसासुद्धा कुणाच्या तरी कामाला लागू लागला आणि तिथे एका काठीतून कितीतरी धंदे निघाले. पण अंजी डोळ्यांपुढे ठेवून पहिल्याच वर्षी कारखाना काढू नका. तिथे आधी रस्ते, वीज आणि शेजारी गिऱ्हाईक होतं. आणि मजुरी वाढली तशी चीनच्या काही भागांत मोसो कापणंच परवडेनासं झालं, हेही त्याच गोष्टीतलं पुढचं पान आहे.

विणकामाबद्दल एकच सांगतो: वेळ मोजा. टोपलीची किंमत ठरवताना बांबूचा खर्च सगळे धरतात, पण कामट्या सोलण्यात गेलेली दुपार कुणी धरत नाही, कारण ती बहुधा घरातल्या बाईची असते. घड्याळ लावून दहा टोपल्या करा. आकडा पाहून वाईट वाटेल, पण किंमत त्यानंतरच ठरवा.

बांबूच्या कापडाबद्दलही लोक विचारतात, म्हणून सांगतो: बाजारातलं बहुतेक ‘बांबू कापड’ म्हणजे लगद्यापासून केलेलं व्हिस्कोस, म्हणजे रसायनांत विरघळवून काढलेला धागा, असतं. ते करताना कार्बन डायसल्फाइडसारखी विषारी रसायनं लागतात आणि गावाला मिळतो तो लगद्याच्या लाकडाचा भाव. त्या वाटेला जाऊ नका. तसंच बांबू झाडांपेक्षा ३५ टक्के जास्त प्राणवायू देतो हे वाक्य माहितीपत्रकातून काढून टाका. त्याला आधार नाही, आणि जाणकार गिऱ्हाईक तिथेच वाचणं थांबवतं.

आता वेत. त्याच्या सुमारे ६०० जाती आहेत, पण व्यापार मोजक्याच जातींवर चालतो. खोड भरीव असतं, म्हणून ते वाफेवर वाकवता येतं. अंगावर काटे, टोकाला आकडे, त्या आकड्यांनी तो झाडाला धरून वर जातो. तुमच्या ओढ्याकाठच्या वेताबद्दल आधी एकच शोधा: तो एकखोडी आहे की बुडातून अनेक फुटवे देणारा? कॅलॅमस मनान ही जाड, फर्निचरवाल्यांची लाडकी जात एकखोडी आहे. ती तोडली की झाड संपलं. कॅलॅमस सीसियस फुटवे देतो. पिकलेला वेत काढला तरी बुडखा पुन्हा वर येतो. पहिल्या प्रकारात बी पडल्याशिवाय तोड करायची नाही आणि तोडीइतकी रोपं लावायची. दुसऱ्यात फेरपाळी बसवता येते.

वेताचा शत्रू मालकी नसणं हा आहे. रानात तो कुणाचाच नसला, तर आज अर्धवट वाढलेला वेत सोडणारा माणूस तो उद्या दुसऱ्याला देत असतो. म्हणून सगळे कोवळाच ओढतात. त्यात खाली खेचताना वरचे काही मीटर कोवळे म्हणून टाकले जातात, कधी अख्खा वेलच फांद्यांत अडकून राहतो. याच्या उलट बोर्निओतल्या कालिमंतानमध्ये दायाक शेतकरी फिरत्या शेतीच्या तुकड्यात भाताबरोबर वेत लावत आले आहेत. पीक निघतं, रान परत वाढतं, वेत त्यावर चढतो, आणि सात-दहा वर्षांनी ते कुटुंब आपल्याच तुकड्यात कापणीला परत येतं. तुकडा कुणाचा हे सगळ्यांना माहीत असतं.

पण हक्क असूनही भागत नाही, हेही तिथेच दिसलं. जगातला बहुतेक वेत इंडोनेशियातून येतो. त्या देशाने २०१२ पासून कच्च्या वेताची निर्यात पुन्हा बंद केली, हेतू हा की देशातलं फर्निचर वाढावं. कारखाने मुख्यतः जावात, वेत दुसऱ्या द्वीपांवर. उत्पादकांचं गिऱ्हाईक घटलं, भाव पडले, आणि पुष्कळांनी वेताचे तुकडे मोडून दुसरं काही लावलं. म्हणून निदान दोन प्रकारचे खरेदीदार ठेवा, एक जाड वेताचा आणि एक बारीक, सोललेल्या वेताचा.

तोडलेला वेत बांबूहून नाजूक असतो. एक-दोन दिवसांत त्याच्यावर निळी बुरशी चढते, आणि डाग पडला की तो रंगवूनच विकावा लागतो. जाड वेत तेलात उकळतात, बारीक वेत धुऊन, घासून, गंधकाची धुरी देऊन वाळवतात. धुरीची खोली राहत्या घरापासून लांब बांधा आणि दार उघडल्यावर लगेच आत जाऊ नका. तो धूर फुप्फुसं जाळतो. वेताचा एक फायदा मात्र खरा आहे: तो वेटोळं करून खांद्यावरून दूरवर नेता येतो. रस्ता नसलेल्या गावाला बांबूपेक्षा तोच परवडतो.

तुमच्या पडीक जमिनीवर वेत लावता येईल का? उघड्या माळावर नाही. कोवळ्या रोपाला सावली आणि ओल लागते, मोठं झाल्यावर चढायला झाड आणि वरून थोडा उजेड लागतो. ओढ्याकाठी जिथे झाडं उभी आहेत तिथे लावा. बी ताजंच पेरा. त्यावरचा गर काढून टाका आणि ते वाळू देऊ नका, वाळलं की ते उगवत नाही. त्यातून पहिला पैसा सात-आठ वर्षांनी दिसेल, म्हणून त्यावर कर्ज काढू नका.

माळावर बांबू, ओढ्याकाठी वेत, आणि उत्पन्न सध्या जुन्या बेटांतून. या पावसाळ्यानंतर दोन माणसं आणि रंगाचा एक डबा घेऊन तीस बेटं फिरा. प्रत्येक बेटातल्या नव्या, मधल्या आणि मेलेल्या काठ्या वहीत लिहा, सोबत काठीचा घेर. वेताचे बुडखे वेगळे मोजा, एकखोडी आणि फुटव्याचे निराळे. ती वही पाठवलीत तर यंत्राबद्दल पुढे बोलता येईल.